अकरा दिवस, अकरा हजार मैल : आयर्न बट रॅलीतील मार्गनियोजन

लांब पल्ल्याची मोटारसायकल स्पर्धा म्हटली की वाळूच्या टेकड्या, धुळीचे लोट आणि छाती दडपून टाकणारा वेग असे चित्र डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत दर दोन वर्षांनी होणारी आयर्न बट रॅली या चित्रात बसत नाही. ती सामान्य वाहतुकीच्या डांबरी रस्त्यांवर, इतर वाहनांच्या गर्दीतून होते. वेगासाठी तीत एकही गुण नसतो. अकरा दिवसांत सुमारे अकरा हजार मैल, म्हणजे जवळजवळ १७,७०० किलोमीटर अंतर कापणाऱ्या या स्पर्धेचा बराचसा निकाल स्वार निघण्यापूर्वीच, हॉटेलच्या खोलीत नकाशा पुढ्यात घेऊन बसलेल्या त्याच्या काही तासांत लागलेला असतो.

स्पर्धेच्या नावातील 'बट' या शब्दाचा शब्दशः अनुवाद शिष्ट लेखनात शोभणारा नाही; 'लोखंडी बैठक' म्हटले तर अर्थ पोचतो. पहिली स्पर्धा १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील माँटगोमेरीव्हिल येथून निघाली, तेव्हा तीत केवळ दहा स्वार होते. आरंभीच्या वर्षांत देशाच्या चार कोपऱ्यांतील चेकपॉइंटना स्पर्श करून ठरलेल्या वेळेत परतणे, असे तिचे स्वरूप होते. १९८८ नंतर ती काही काळ थांबली आणि १९९१ पासून विषम वर्षांत नियमितपणे भरू लागली. मायकेल नीबोन यांच्या नेतृत्वाखालील आयर्न बट असोसिएशन ही संस्था तिचे संयोजन करीत आली असून अलीकडे सुमारे शंभर स्वार तीत भाग घेतात.

डाकारसारख्या स्पर्धेत मार्ग संयोजक ठरवितात. २०१५ मध्ये ती स्पर्धा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरलेले सी. एस. संतोष यांच्यासमोर रोडबुक होते. त्यातील खुणांप्रमाणे अचूक आणि वेगाने जाणे हे त्यांचे काम होते. आयर्न बट रॅलीत संयोजक मार्ग देतच नाहीत, ठिकाणांची यादी देतात. संपूर्ण अमेरिका खंडभर, कधी कॅनडातही विखुरलेली शेकडो ठिकाणे या यादीत असतात. कुठे एखादे दीपगृह, कुठे पुतळा, कुठे रस्त्याकडेचे विस्मृतीत गेलेले भोजनगृह. यांना 'बोनस' म्हणतात आणि प्रत्येकाला ठराविक गुण असतात. स्वाराने तेथे जाऊन आपला क्रमांक असलेल्या झेंड्यासह छायाचित्र घ्यावयाचे, वेळ व मीटरचा आकडा नोंदवावयाचा आणि पुढे निघावयाचे. पूर्वी ही छायाचित्रे पोलरॉइड कॅमेऱ्याने काढीत, आता डिजिटल कॅमेऱ्याने काढतात. सगळी ठिकाणे गाठणे कोणालाही शक्य नसते आणि यादी तशीच मुद्दाम केलेली असते. कोणती घ्यायची यापेक्षा कोणती सोडायची, हाच नियोजनाचा खरा प्रश्न आहे.

यादीची पुस्तिका साधारणपणे सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी, एकत्र भोजनानंतर हाती दिली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा सुरू होते. मधल्या बारा-चौदा तासांत पुस्तिका वाचणे, ठिकाणे नकाशावर मांडणे, मार्ग आखणे आणि झोप घेणे, एवढे सगळे बसवावे लागते. नवखा स्वार पहाटेपर्यंत मार्गाची वीण घट्ट करीत बसतो आणि पहिल्याच रात्री हँडलवर पेंगू लागतो. अनुभवी स्वार नियोजनाला घड्याळाची मर्यादा घालतात. मध्यरात्रीपर्यंत जो मार्ग तयार होईल तो घेऊन निघायचे, कारण किंचित अधिक गुणांच्या मार्गापेक्षा पाच तासांच्या झोपेचे मोल अधिक, असा त्यांचा हिशेब असतो.

गुणांची किंमत तासांत

पुस्तिका हाती पडली की नजर प्रथम मोठ्या आकड्यांकडे जाते आणि बहुतेक चुकांचा उगम तेथेच असतो. एखाद्या ठिकाणाचे गुण किती, हा अर्धाच प्रश्न झाला. ते मिळविण्यास किती वेळ खर्च होईल, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही.

फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट या बेटाचे उदाहरण घेता येईल. मायामीपासून तेथवर सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता समुद्रातील बेटांना जोडत, ४२ पुलांवरून जातो. रस्ता नयनरम्य आहे, पण एकच आहे. गेलेल्या वाटेनेच परत यावे लागते आणि बराचसा भाग कमी वेगमर्यादेचा आहे. समजा, या ठिकाणाला २,००० गुण आहेत आणि स्वार मायामीजवळ आहे. जाऊन-येऊन ५२० किलोमीटरला साडेसात तास लागले, तर तासाला सुमारे २६७ गुण पडतात. आता समजा, उत्तरेकडे जाणाऱ्या त्याच्या मार्गालगत ४०० गुणांची पाच लहान ठिकाणे आहेत. प्रत्येकासाठी ४० मिनिटांचे वळण आणि दहा मिनिटांचा थांबा धरला तरी चार तास दहा मिनिटांत तेवढेच २,००० गुण हाती येतात. म्हणजे तासाला ४८०. कागदावर निर्णय सोपा आहे.

मात्र ही पाचही ठिकाणे केवळ दिवसाच्या उजेडात मान्य होणारी असतील आणि स्वार मायामीला रात्री नऊला पोचत असेल, तर तोच हिशेब उलटा होतो. लहान ठिकाणे पहाटेपर्यंत निरुपयोगी ठरतात. की वेस्टचा बोनस चोवीस तास खुला असेल, तर पर्यटकांची गर्दी ओसरलेल्या रस्त्याने रात्रीत तो उरकून सूर्योदयाला पुन्हा मायामीजवळ येता येते. तासाला किती गुण, हा आकडा त्या ठिकाणाला कायमचा चिकटलेला नसतो. तेथे कोणत्या प्रहरी आणि कोणत्या दिशेने पोचायचे यावर तो ठरतो, आणि त्या रात्रीची झोप कुठे जाणार हे विचारल्याशिवाय तो पूर्णही होत नाही.

नकाशाही कमी फसवा नाही. ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनची दक्षिण व उत्तर कडा यांच्यातील हवाई अंतर जेमतेम १६ किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र सुमारे ३४५ किलोमीटरचा वळसा पडतो. वॉशिंग्टन राज्याचा पॉइंट रॉबर्ट्स हा तुकडा अमेरिकेचा असला तरी त्याला जमिनीने जोडणारी वाट कॅनडातूनच जाते. तेथील एका छायाचित्रासाठी जाताना दोनदा आणि येताना दोनदा सीमातपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते. याउलट अलास्काचे हायडर हे गाव कॅनडातील स्ट्युअर्टच्या अगदी शेजारी आहे. अलास्काला स्पर्श करण्यासाठी थेट फेअरबँक्स गाठण्याची गरज त्यामुळे उरत नाही आणि लांब पल्ल्याच्या स्वारांत या आडवळणाच्या गावाला विशेष महत्त्व आले आहे.

खऱ्या अर्थाने दूरचे ठिकाण म्हणजे अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगतचे डेडहॉर्स. तेथे जाणारा डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटरचा असून त्याचा बराच भाग खडीचा आहे. कोल्डफूट सोडल्यावर सुमारे ३८५ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. असा बोनस प्रचंड गुणांचा असला तरी तो घेणे म्हणजे उरलेल्या सगळ्या पर्यायांवर पाणी सोडणे. एक टायर फाटला तरी स्पर्धा संपते. काही स्वार असा जुगार खेळतात. जे केवळ स्पर्धा पूर्ण करण्याच्या उद्देशाने आलेले असतात, त्यांनी त्या वाटेकडे पाहूही नये हे उत्तम. पूर्ण करणारा म्हणून नोंद होण्यासाठी ठराविक किमान गुण लागतात, आणि तेवढेच हवे असतील तर साधा, सरळ, महामार्गांवरचा मार्ग पुरतो.

घड्याळाचे सापळे

ठिकाणांना वेळेची बंधने असतात. एखादे संग्रहालय सकाळी नऊ ते पाच खुले, एखादे ठिकाण फक्त उजेडात मान्य, एखादे विशिष्ट दिवशीच. त्यात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार कालविभाग आहेत. एकाच घड्याळावर देश चालण्याची सवय असलेल्या भारतीय वाचकाला यातील गोंधळाची कल्पना चटकन येणार नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना प्रत्येक सीमेवर एक तास पदरात पडतो, उलट जाताना एक तास हातचा जातो. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत ॲरिझोना राज्य पाळत नाही, पण त्याच राज्याच्या ईशान्य भागातील नवाहो राष्ट्र ती पाळते. परिणामी फिनिक्सहून नवाहो भागात गेलेल्या स्वाराचे घड्याळ राज्य न ओलांडताच तासाने चुकते. दार बंद झाल्यावर पाच मिनिटांनी पोचलेल्या स्वाराच्या दृष्टीने त्यापूर्वीचे तीनशे किलोमीटर वाया गेलेले असतात.

दिवसाची लांबीही सर्वत्र सारखी नसते. जूनच्या उत्तरार्धात की वेस्टला साडेतेरा तासांहून थोडा अधिक उजेड असतो, तर कॅनडाच्या सीमेवर सोळा तासांहून अधिक. म्हणून उजेडाच्या अटी असलेली ठिकाणे उत्तरेकडे घेणे आणि अंधाराचे तास दक्षिणेकडील लांब, सरळ महामार्गांवर घालविणे, असा डाव मांडता येतो. मोजावी वाळवंट उन्हाळ्यात रात्री ओलांडणेच शहाणपणाचे ठरते. शिकागो किंवा लॉस एंजेलिससारख्या शहरांतून कामावर जाण्या-येण्याच्या वेळी जाणे म्हणजे दीड-दोन तासांचा दंड. पश्चिमेकडील जंगलांतून संधिप्रकाशात जाणेही टाळले जाते, कारण हरणे रस्त्यावर उतरण्याची तीच वेळ असते.

या सर्वांवर चेकपॉइंटचे बंधन असते. स्पर्धा टप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ठराविक वेळेत हजर व्हावे लागते. उशीर झाल्यास आधी मिनिटामागे गुण कापले जातात आणि नंतर स्पर्धेतून बाद व्हावे लागते. नियोजन म्हणूनच शेवटाकडून मागे केले जाते. चेकपॉइंटची वेळ पक्की धरायची, तीतून दोन-तीन तास आधीच वजा करायचे आणि उरलेल्या वेळेत मार्ग बसवायचा.

थांब्यांचे गणित

अकरा दिवसांत १७,७०० किलोमीटर म्हणजे दिवसाला सुमारे १,६०९ किलोमीटर, आणि चोवीस तासांवर पसरल्यास ताशी अवघे ६७ किलोमीटर. पाच तास झोपेसाठी काढले तरी सरासरी ताशी ८५च्या आसपास राहते. महामार्गांवर हा वेग मुळीच अचाट नाही. अडचण थांब्यांची असते. दिवसाला पाच बोनस आणि प्रत्येकी दहा मिनिटे धरली तर अकरा दिवसांत नऊ तासांहून अधिक वेळ केवळ उभे राहण्यात जातो. हेल्मेट काढणे, झेंडा शोधणे, छायाचित्र, नोंद, पुन्हा हातमोजे. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा वेळ साचतो. म्हणून मुरलेले स्वार प्रत्येक वस्तूची जागा ठरवून ठेवतात आणि पेट्रोल भरतानाच खाणे-पिणे उरकतात.

पेट्रोलसाठी जादा टाकी बसविण्यास परवानगी आहे, पण एकूण क्षमता ११.५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ४३.५ लिटरपेक्षा अधिक असता कामा नये. लिटरला १८ किलोमीटर धरल्यास २५ लिटरच्या नेहमीच्या टाकीवर ४५० किलोमीटर जाता येते, भरलेल्या जादा टाकीसह सुमारे ७८०. संपूर्ण स्पर्धेत यामुळे जवळजवळ सोळा थांबे वाचतात. प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे हे दोन तास चाळीस मिनिटे झाले. एखाद्या रात्रीची अर्धी झोप त्यातून परत मिळते. याहून मोठा लाभ असा, की निर्जन भागात रात्री पंप बंद असेल या भीतीने मार्ग वाकवावा लागत नाही.

संगणकाचा वाटा

गणिताच्या भाषेत हा प्रश्न 'फिरत्या विक्रेत्याच्या' प्रसिद्ध कोड्याचा भाऊबंद आहे. विक्रेत्याला सर्व गावे सर्वांत कमी अंतरात फिरायची असतात. येथे मर्यादित वेळेत अधिकाधिक गुणांची गावे निवडायची असतात, आणि या प्रकाराला गणितज्ञ 'ओरिएन्टीअरिंग' प्रश्न म्हणतात. केवळ दहा ठिकाणे कोणत्या क्रमाने घ्यावीत याचे ३६,२८,८०० पर्याय होतात. वीस ठिकाणांसाठी ती संख्या एकोणीस अंकी होते. भारताचा या विषयाशी जुना संबंध आहे, हे सहसा सांगितले जात नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९४०च्या सुमारास बंगालमधील तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी करताना, विखुरलेल्या शेतांपर्यंत नोंदणी करणाऱ्यांना फिरविण्याचा खर्च कसा मोजावा याचा विचार मांडला होता. फिरत्या विक्रेत्याच्या कोड्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख केला जातो.

पूर्वी स्वार कागदी नकाशावर रंगीत टिकल्या चिकटवून मार्ग आखीत. पुढे मायक्रोसॉफ्टचा स्ट्रीट्स अँड ट्रिप्स हा कार्यक्रम लोकप्रिय झाला. कंपनीने तो २०१४ मध्ये बंद केल्यावर गार्मिनच्या बेसकॅम्पसारख्या साधनांकडे अनेकजण वळले. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एका फाइलमधून नकाशावर चढविले, गुणांनुसार रंग दिले की कोणत्या भागात गुणांची दाटी आहे हे दिसू लागते. यंत्र कमीत कमी अंतराचा क्रम क्षणात सांगते. परंतु रात्री दोन वाजता डोंगरी रस्त्यावर या विशिष्ट स्वाराचा वेग किती घटतो, हे त्याला ठाऊक नसते. तो आकडा स्वाराने स्वतःच्या मागील प्रवासांवरून काढून द्यावा लागतो, आणि तो स्वतःविषयी जितका आशावादी, तितका त्याचा मार्ग खोटा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

झोप हाही मार्गाचाच भाग

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन आणि रीड यांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग जागरणाची मद्याच्या परिणामाशी तुलना केली होती. सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी, असे त्यात दिसून आले. भारतात मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ही तुलना ध्यानात घेतली म्हणजे न झोपता गुण जमविणारा स्वार स्वतःला आणि समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबालाही कोणत्या धोक्यात लोटतो, हे उमगते.

संयोजकांनी यावर शोधलेला उपाय मार्मिक आहे. ठराविक तास एकाच जागी थांबल्याच्या, आरंभीच्या व अखेरच्या वेळेच्या पावत्या सादर केल्यास विश्रांतीचेही गुण मिळतात, आणि ते सोडून चालणार नाही इतके असतात. त्यामुळे झोप हेही नकाशावरील एक ठिकाण ठरते. जाणकार स्वार ते रात्री दोन ते पाच या, शरीराला सर्वाधिक ग्लानी येणाऱ्या वेळेवर बसवितात. शिवाय त्या तासांत उजेडाची अट असलेली ठिकाणे बंदच असतात. मागे वर्णिलेला की वेस्टचा रात्रीचा डाव म्हणूनच दिसतो तितका स्वस्त नाही. तो खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भर दुपारी झोपावे लागते आणि दुपारचे तास हे उजेडाचे, म्हणजे महागाचे असतात.

मार्ग कितीही काळजीपूर्वक आखला तरी वादळ, अपघाताने बंद झालेला रस्ता, बिघडलेले यंत्र यांपैकी काहीतरी आडवे येतेच. त्यासाठी मार्गात सोडून देता येतील अशी ठिकाणे आधीच ठरवून, शक्यतो टप्प्याच्या उत्तरार्धात ठेवली जातात. दोन तास मागे पडल्यावर वेग वाढविण्याऐवजी त्यांतील एक गाळले जाते. हा निर्णय थकलेल्या मेंदूने रस्त्याकडेला घ्यावयाचा नसतो. 'अमुक गावी अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही, तर पुढचे वळण घ्यायचे नाही' असे ताजेतवाने असताना लिहून ठेवलेले असते. बलदंड शरीर किंवा मोठे इंजिन यांना या स्पर्धेत दुय्यम महत्त्व का, याचे उत्तर येथे मिळते. स्त्री आणि पुरुष स्वारांची क्रमवारी येथे एकच असते. २०१९ मध्ये दक्षिण डाकोटा राज्यातील वेंडी क्रॉकेट या ही स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

भारतीय रस्त्यांवर

भारतीय स्वारांचा या परंपरेशी संबंध येतो तो प्रामुख्याने सॅडलसोअर या प्रमाणपत्र-प्रवासातून. चोवीस तासांत एक हजार मैल, किंवा आपल्याकडे १,६०० किलोमीटर पूर्ण केल्यास आयर्न बट असोसिएशन त्याची नोंद घेते. ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाने असे प्रवास भारतात शक्य केले. गुणांची यादी येथे नसली तरी नियोजनाचा पेच तोच आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती. त्या गतीने न थांबता गेले तरी १,६०० किलोमीटरला वीस तास लागतात. पेट्रोल, जेवण, पथकर नाक्यांवरील खोळंबा आणि विश्रांती हे सगळे उरलेल्या चार तासांत बसवायचे. हे गणित पाहता वाट निवडण्यात चूक करण्यास जवळजवळ वावच नाही.

त्यातच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना मज्जाव आहे. पुण्याहून निघणाऱ्या स्वारासाठी बंगळूरला जाऊन-येऊन सुमारे १,६८० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग हा स्वाभाविक पर्याय ठरतो. मग पहाटे तीनला निघून खंबाटकी घाट अंधारात, पण मोकळा मिळवायचा, की पाचला निघून तो उजेडात गाठायचा? बंगळूरच्या वाहतुकीत न शिरता अलीकडेच मागे वळले तर १,६०० भरतात का? परतीच्या अखेरच्या दोनशे किलोमीटरला जागरणाचा कितवा तास असेल? हे प्रश्न निघण्यापूर्वी कागदावर सोडवावे लागतात.

पुरावा म्हणून पेट्रोल पंपाच्या छापील पावत्या सादर कराव्या लागतात आणि तीवरची वेळ व ठिकाण हाच प्रवासाचा आधार असतो. यंत्राचे घड्याळ चुकीचे असेल किंवा पावतीवर गावाचे नावच नसेल, तर धावलेले अंतर सिद्ध करणे कठीण होते. म्हणून अनुभवी स्वार पंपावरून हलण्यापूर्वी, हातमोजे चढविण्याआधी, पावती दिव्याखाली धरून वाचून घेतात. वेळ चुकली असल्यास शेजारच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन दुसरी पावती मागून घेतात.